एसएस पॅटर्न : लग्न, बाळंतपण आणि पुरुषांचं न सांगितलेलं दुखणं

सिकलसेलवर मराठीत जे काही वाचायला मिळतं ना, आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरपासून ते १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनाच्या निमित्ताने पेपरात येणाऱ्या लेखापर्यंत, त्यात एवढंच असतं की सांधे दुखतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात. ते खरंच आहे, मी लहानपणापासून ते भोगतोय. पण हा आजार वयात येताना काय करतो, लग्न जुळवताना काय करतो, बाईच्या पोटात बाळ असताना काय करतो आणि पुरुषाला रात्री दोन वाजता कशाने जागं करतो, यावर कोणी लिहीत नाही. डॉक्टरही विचारल्याशिवाय सांगत नाहीत आणि आपण लाजेपोटी विचारत नाही, म्हणून आज सगळं लिहून काढतो.

मी एसएस पॅटर्नचा आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेला, आजार असलेला. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, नोकरी नागपूरला. मोठी ताई एसएस, मधला भाऊ एएस, मी परत एसएस. आई-बाबा दोघंही एएस, म्हणजे एकच सिकल जनुक असलेले वाहक, आणि दोघांनाही आयुष्यात कधी काही त्रास नाही, बाबा तर उन्हातान्हात दिवसभर धानाच्या बांधीत राबणारे. दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल एसएस होण्याची, ५० टक्के एएस आणि २५ टक्के पूर्ण नॉर्मल. यात 'प्रत्येक' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ताईचं निदान झाल्यावर नातेवाईक आईला म्हणायचे, चौघांत एकाले होते म्हणते डॉक्टर, तुझं एक होऊन गेलं, आता भेव नाही. असं नसतं बाप्पा. दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. एखाद्या घरात चारही मुलं नॉर्मल निघतात, एखाद्या घरात लागोपाठ दोन एसएस.

आतमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगतो. हिमोग्लोबिनची जी बीटा साखळी असते तिच्यातलं सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, बस्स एवढाच फरक. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक होतं आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथलं रक्त तुंबतं, आणि जे दुखतं त्याला आम्ही क्रायसिस म्हणतो. नॉर्मल लाल पेशी १२० दिवस जगते, आमची १० ते २० दिवसांत मोडते, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. कावीळ समजून किती तरी पोरांना गावठी औषध पाजतात, डागही देतात, ते बघून जीव तुटतो.

आणि हा आजार अमुक एका जातीचा आहे असं जे आमच्याकडे कुजबुजतात ना, ते साफ चूक आहे. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. आपल्याकडे गोंड, माडिया, परधान, नंदुरबारकडचे भिल्ल आणि पावरा, विदर्भातला बौद्ध समाज, कुणबी, तेली, सगळ्यांत आहे. यामागचं कारण मलेरिया. ज्याच्यात एक सिकल जनुक आहे त्या लेकराला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, त्यामुळे जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं. गडचिरोलीत आजही दोन्ही सोबत सापडतात ते उगाच नाही. पण हे संरक्षण एएसला. एसएसवाल्याला मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो, त्याने मच्छरदाणी सोडायची नाही.

आता वयात येण्याबद्दल. एसएसच्या मुलामुलींमध्ये हे सगळं उशिराच होतं, बरेचदा वर्ष-दोन वर्षं मागे. शरीराची सगळी ताकद नवं रक्त बनवण्यात जाते, वाढीला उरत नाही. मी दहावीत होतो तेव्हा वर्गातल्या पोरांचे आवाज फुटलेले, मिशा आलेल्या, आणि मी सातवीतला वाटायचो. ताईच्या वेळी तर आत्या आईला म्हणायची, पोरगी एवढी मोठी झाली अन् अजून कशी बसली नाही, कुठं दाखवलं का. आईने देवाधर्माचं सगळं करून झालं होतं. शेवटी जिल्हा रुग्णालयातल्या एका मॅडमनी शांतपणे समजावलं की सिकलसेलमध्ये पाळी उशिरा येते, येईल, आणि आली. पण पाळी सुरू झाल्यावर नवीनच गोष्ट कळली, ताईला दर महिन्याला पाळीच्या आसपास पाय आणि कंबर दुखून क्रायसिस यायचा. बऱ्याच एसएसच्या बायकांना असं होतं. घरच्यांना वाटतं पाळीचंच दुखतंय, सगळ्यांचंच दुखतं. ताई मग कॅलेंडरवर खुणा करायला लागली आणि तो कागद डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी ते गांभीर्याने घेतलं. एसएसच्या प्रत्येक मुलीने हे करावं.

आता पुरुषांबद्दल, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

सिकलसेलच्या पुरुषांमध्ये लिंगाला आपोआप, मनात काहीही नसताना ताठरता येते आणि ती जात नाही, खूप दुखते. इंग्रजीत त्याला प्रायापिझम म्हणतात, मराठीत याला कोणी नावच ठेवलेलं नाही कारण कोणी बोलतच नाही. बहुतेक वेळा पहाटे किंवा झोपेत होतं. कारण तेच, विळ्यासारख्या पेशी तिथल्या रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रक्त बाहेर पडू शकत नाही. हे दहा-बारा वर्षांच्या पोरालाही होऊ शकतं, त्या बिचाऱ्याला काय होतंय तेच समजत नाही, त्याला वाटतं आपल्याकडून काही तरी घाण झालं. मला कॉलेजात असताना सुरू झालं. माझं नशीब चांगलं की सिकलसेलच्या एका शिबिरात वयाने मोठा असलेला एक पेशंट भेटला, त्याने बाजूला नेऊन सरळ विचारलं, रात्री त्रास होते का बे तुले, लाजू नको. त्याच्या एका प्रश्नामुळे मी दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांसमोर बोललो.

त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण हे कुठल्या पोस्टरवर नसतं. सुरुवातीला थोडा वेळ येऊन जाणारे झटके असतात, तेव्हा उठायचं, लघवी करून यायची, भरपूर पाणी प्यायचं, थोडं चालायचं, कोमट पाण्याने अंघोळ, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी. बर्फ लावायचा नाही, थंडीने पेशी अजून वाकतात. आणि चार तासांच्या वर गेलं की ती इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि स्पष्ट शब्दांत सांगायचं की मी सिकलसेलचा पेशंट आहे आणि इतक्या तासांपासून असं आहे. तिथे सुईने साचलेलं रक्त काढतात आणि औषध टोचतात. उशीर झाला तर आतली पेशीजाळी कायमची खराब होते आणि पुढे लग्नानंतर संबंध ठेवणं अशक्य होऊ शकतं. म्हणजे ज्या लाजेपोटी पोरगा गप्प बसतो तिचीच किंमत त्याला आयुष्यभर मोजावी लागते. वरचेवर झटके येत असतील तर ते कमी करायलाही औषधं आहेत, पण मेडिकलमधून स्वतःच्या मनाने कसलीही गोळी आणून खायची नाही, खास करून ताकदीच्या म्हणून विकतात त्या तर अजिबात नाही.

आईवडिलांना एकच विनंती, एसएसचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला की बाबांनी नाही तर मामा, काका कोणीही, त्याला एवढं सांगून ठेवा की असं झालं तर लपवू नको, हा तुझ्या आजाराचाच भाग आहे.

दुसरा न विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, मला बाप होता येईल का. होता येतं. पण सिकलसेलमुळेच काही पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी असते, आणि हायड्रॉक्सीयुरिया घेत असलो तर ती अजून कमी होऊ शकते. हायड्रॉक्सीयुरिया म्हणजे ती रोजची कॅप्सूल, ती बाळपणीचं जे हिमोग्लोबिन असतं, एचबीएफ, ते वाढवते आणि पेशी कमी वाकतात. माझ्यासाठी ती गोळी म्हणजे आधीचं आणि नंतरचं आयुष्य असा फरक आहे, आधी महिन्याला ॲडमिट, नंतर वर्षाकाठी क्वचित. त्यामुळे हे वाचून कोणी गोळी बंद करू नका, हात जोडतो. फक्त लग्न झालेलं असेल आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून मला डॉक्टरांनी आधी वीर्य तपासणी करायला लावली आणि मग काही महिने गोळी थांबवून, दर महिन्याला रक्त तपासत, लक्ष ठेवलं. प्रत्येकाला असंच करतील असं नाही, ज्याचा आजार तीव्र आहे त्याच्यासाठी थांबवणं धोक्याचं असू शकतं.

लग्नाबद्दल बोलायचं तर आमच्याकडे आता सिकलसेल तपासणीचं कार्ड मागतात. वाहकाचं पिवळं, रुग्णाचं लाल. चांगलीच गोष्ट आहे, पण मागतात मुलीचं. ताईसाठी जे जे पाहुणे आले त्या प्रत्येकाने तिचा रिपोर्ट मागितला, आणि बाबांनी शांतपणे विचारलं की मुलाचा पण दाखवा तर दोन घरची मंडळी चहा न घेता उठली. सिकलसेल मुलाला येतो तो आई आणि बाप दोघांकडून, एका बाजूचा रिपोर्ट बघून काहीच कळत नाही. एएसचं लग्न नॉर्मल व्यक्तीशी झालं तर एकही मूल एसएस होत नाही. एसएसचं लग्न नॉर्मलशी झालं तर सगळी मुलं वाहक, आजारी कोणीच नाही. एएस आणि एसएस असेल तर प्रत्येक वेळी ५० टक्के शक्यता. म्हणजे एसएस मुलीशी लग्न केलं की घरात आजार येतो ही जी भीती आहे ती नॉर्मल मुलाच्या बाबतीत खरी नाहीच. भाऊजींचा रिपोर्ट नॉर्मल होता, त्यांनी स्वतःहून तपासणी केली आणि आपल्या आईला समोर बसवून हेच समजावलं. मला त्या माणसाबद्दल जन्मभर आदर राहील.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. शिबिरात जी झटपट तपासणी होते ती सोल्युबिलिटी टेस्ट, ती फक्त एवढं सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही. एएस की एसएस हे त्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी लॅबमधली तपासणी, करावीच लागते. शिवाय सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणजे जोडीदार पूर्ण क्लिअर असंही नाही, तो बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक असू शकतो, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मुलाला सिकलसेलसारखाच आजार होतो. म्हणून लग्न ठरवताना दोघांची एचपीएलसी. नुकतंच रक्त चढवलं असेल तर मात्र रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, ते आधी सांगायचं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं त्याचं लक्ष्य आहे. शिबिर गावात आलं तर जा, पण पॉझिटिव्ह आल्यावर पुढची तपासणी होऊन हातात कार्ड मिळेपर्यंत पाठपुरावा करा. आपल्या विदर्भात या कामाला लोकांनी फार आधी सुरुवात केली होती, नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. एका बापाच्या तळमळीतून उभं राहिलेलं काम आहे ते.

ताईचं बाळंतपण हा आमच्या घराने सगळ्यात जास्त घाबरत काढलेला काळ. एसएसच्या बाईला मूल होऊच शकत नाही किंवा होऊच देऊ नये असं सांगणारे भरपूर भेटले, त्यात शिकलेलेही होते. ते खरं नाही, पण गरोदरपण जोखमीचं असतं हे शंभर टक्के खरं. क्रायसिस वाढतात, बीपी वाढू शकतं, बाळाची वाढ कमी राहू शकते, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते, आणि छातीत दुखून धाप लागणं, ज्याला ॲक्युट चेस्ट सिंड्रोम म्हणतात, ते तर जीव घेतं. त्यामुळे गावातच करू म्हणायचं नाही, जिथे रक्तपेढी, फिजिशियन आणि बाळांचा आयसीयू तिन्ही आहेत तिथे पहिल्या महिन्यातच नाव नोंदवायचं.

तिची हायड्रॉक्सीयुरिया दिवस राहायच्या आधीच बंद केली होती. फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज, आणि बीपीचा धोका कमी करायला कमी डोसची ॲस्पिरिन. लोहाच्या गोळ्यांवरून मात्र गोंधळ झाला. हिमोग्लोबिन ८ दिसलं की जो तो लाल गोळ्या वाढवायला सांगतो, पण ताईचं नेहमीचंच ८ असतं, ते लोहाच्या कमतरतेने नाही तर पेशी लवकर मोडतात म्हणून. ज्यांना आधी खूपदा रक्त चढवलंय त्यांच्या शरीरात लोह उलट जास्त साठलेलं असतं. म्हणून आधी फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेलं लोह किती ते रक्तातून तपासायचं, कमी असेल तरच लोह. रक्त चढवण्याचंही तसंच, सगळ्यांना सरसकट नाही. आणि चढवायचं असेल तर रक्तगटाबरोबर आरएच आणि केलच्या उपगटांचं मॅचिंग होईल का असं विचारायचं, कारण वारंवार न जुळणारं रक्त गेलं की शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि पुढे ऐनवेळी जुळणारं रक्तच मिळत नाही.

इन्फेक्शनने तिला सगळ्यात जास्त छळलं. गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन सगळ्याच बायकांना होऊ शकतं, पण एसएसमध्ये ते पटकन किडनीपर्यंत चढतं आणि त्यातून ताप, ताप आला की पाणी कमी, पाणी कमी की क्रायसिस, अशी साखळीच लागते. जळजळ नसली तरी आत जंतू असू शकतात म्हणून तिचं युरिन कल्चर दर महिन्याला करायचे. एएसच्या बायकांनाही गरोदरपणात हे इन्फेक्शन थोडं जास्त होतं, बाकी त्यांचं गरोदरपण इतरांसारखंच. एकदा तिला कळा, म्हणजे क्रायसिसच्या, असह्य झाल्या असताना एका हॉस्पिटलात नाटक करते म्हणून दोन तास साधी दुखण्याची सलाईनही लावली नाही. ते आठवलं की आजही अंगाची आग होते. क्रायसिस एक्स-रेत दिसत नाही, पेशंट सांगतो तेवढाच त्याचा पुरावा असतो, त्यावर विश्वास ठेवायला शिकवायला हवं डॉक्टरांना.

प्रसूती नॉर्मल झाली. सिकलसेल आहे म्हणून सिझर करायलाच हवं असं नसतं हेही तेव्हाच कळलं. खोली उबदार ठेवली, सलाईन, ऑक्सिजनवर लक्ष, आणि नंतर रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून काही दिवस इंजेक्शनं.

आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे, दोघंही एएस, पहिलं मूल एसएस. दुसऱ्या वेळी त्यांनी पोटातल्या बाळाची तपासणी केली. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान वारेचा बारीक नमुना घेतात आणि त्यातून जनुक तपासतात. मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे तिथे हे काम होतं, चंद्रपूरलाही त्यांचं केंद्र आहे. ही तपासणी कायदेशीर आहे, बंदी आहे ती मुलगा की मुलगी बघण्यावर, आनुवंशिक आजार बघण्यावर नाही. पुढे काय करायचं तो निर्णय त्या दोघांचाच, त्यात सासूचं, डॉक्टरचं, माझं काही चालू नये असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः एसएस आहे, आणि असं मूल जन्मालाच येऊ नये हे वाक्य कोणी माझ्यासमोर सहज बोलून जातं तेव्हा लागतं. पण त्या आईने पहिल्या लेकराला मांडीवर घेऊन काढलेल्या रात्री मी पाहिल्यात, तिला कोणी शिकवू नये.

बाळ एसएस निघालं तर पहिली पाच वर्षं इन्फेक्शनचीच लढाई. आपली प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असते ती, जंतू गाळते, आणि एसएसमध्ये ती लहानपणीच निकामी व्हायला लागते. म्हणून न्यूमोकॉकस जंतूची लस आणि पेनिसिलिन पाच वर्षांचं होईपर्यंत. ही लस, पीसीव्ही, आता सरकारी लसीकरणात फुकट मिळते. ताप आला की क्रोसिन देऊन घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आईने रोज बाळाच्या पोटावर हात फिरवून प्लीहा कुठपर्यंत लागते ते बघायला शिकायचं, ती अचानक वाढली आणि बाळ पांढरं पडलं तर रक्त तिथे अडकतंय, तासाभरात हालचाल करावी लागते. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हातपाय अचानक सुजले तर लोक मुरगळलं म्हणून चोळतात, ते बरेचदा सिकलसेलचं पहिलं लक्षण असतं. आणि जन्मल्यावर लगेच सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, तेव्हा बाळात एचबीएफच जास्त असतं, सिकल दिसायला काही महिने लागतात. लगेच जाणून घ्यायचं असेल तर एचपीएलसी.

बाळंतपणानंतर ताईला पाळणा लांबवायला तांबी की गोळी की काय हा प्रश्न आला. इस्ट्रोजेन असलेल्या माला-एनसारख्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढू शकतो म्हणून तिच्या डॉक्टरांनी त्या नको म्हटलं आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन सुचवलं, जे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. त्याने एसएसच्या बऱ्याच बायकांचे क्रायसिसही कमी होतात असं त्या म्हणाल्या, आणि ताईच्या कॅलेंडरवरच्या खुणा खरंच कमी झाल्या.